पाठीवर साठ लिटरची सॅक आणि कसाऱ्याची शेवटची लोकल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही तिघं ठाण्याचे. डिसेंबरात रतनगड ते हरिश्चंद्रगड हा तीन दिवसांचा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेवरची सलग चाल, करायचाय, कसारा लोकलने जाऊन. तो जमला तर मे महिन्यात हिमालयातल्या हर की दूनचा ट्रेक, हरिद्वारपर्यंत रेल्वेने. दोन्ही वेळा तंबू, स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह, काठ्या सगळं स्वतःचं. रेल्वेत हे चालतं का, वजनाची मर्यादा किती, एवढाल्या सॅका ठेवायच्या कुठे आणि गॅसचं काय करायचं?

चालतं. फक्त गॅस चालत नाही. तुम्ही तो शेवटी विचारलाय, मी तिथूनच सुरू करतो.

ट्रेकच्या छोट्या स्टोव्हला लागतो तो गॅसचा कॅन, मग तो पेचाचा असो की लांबट नळकांड्याचा, भरलेला असो की अर्धा, रेल्वेत न्यायचा नाही. रॉकेल नाही, पेट्रोल नाही, स्पिरिट नाही, ज्वालाग्राही घनगोळ्याही नाहीत. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १६४नुसार धोकादायक वस्तू घेऊन गाडीत चढणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय त्या वस्तूने काही नुकसान झालं तर त्याची भरपाई तुमच्याच माथी. हजार रुपये वाचून ट्रेकच्या बैठकीत पोरं हसतात. त्यांना मी त्याच वाक्यातली तीन वर्षं परत वाचायला लावतो.

नियम कागदावरचा वाटत असेल तर २६ ऑगस्ट २०२३ची मदुराईची आग आठवा. लखनौहून यात्रेला निघालेल्या मंडळींचा डबा स्टेशनाजवळ उभा होता. कुणीतरी लपवून सिलिंडर आणला होता आणि पहाटे चहा करायला घेतला. किमान ९ जण गेले. आपला कॅन पाव किलोचा असतो हे खरं, पण बंद डब्यात सत्तर-ऐंशी माणसं झोपलेली असताना पाव किलोही पुष्कळ झाला.

मी हे शहाणपणाने बोलतोय, पण नवशिका होतो तेव्हा मीही पितळी स्टोव्ह आणि बाटलीभर रॉकेल घेऊन फिरायचो. आमच्यातले सगळेच फिरायचे. एकदा स्लीपरच्या डब्यात बर्थखाली बाटलीचं झाकण सैल झालं. पहाटे जाग आली ती वासाने. रॉकेल आमच्या सॅकमधून शेजारच्या कुटुंबाच्या वळकटीत आणि तिथून त्यांच्या लाडवांच्या डब्यापर्यंत गेलं होतं. त्या काकू काही बोलल्या नाहीत. डबा उघडला, वास घेतला, परत लावला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. कुणी काडी ओढली असती तर काय झालं असतं, हे मला घरी आल्यावर सुचलं. त्यानंतर आजतागायत इंधन घेऊन गाडीत चढलेलो नाही.

मग स्वयंपाकाचं काय? तुमच्या डिसेंबरच्या ट्रेकला स्टोव्हची गरजच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. रतनवाडीत, कुमशेतला, पाचनईला घरगुती जेवण मिळतं. आदल्या दिवशी फोन करून ठेवला की पिठलं-भाकरी, वर ठेचा आणि जमलं तर भात तयार असतो. हरिश्चंद्रगडावर देवळाच्या आसपास गावकऱ्यांच्या झापांत, म्हणजे झोपड्यांत, चहा-पोहेही मिळतात. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. आग कुठे पेटवायची, तंबू कुठे लावायचा, याबद्दल वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच काय ते ठरवावं लागतं. म्हणजे स्टोव्ह, कॅन, भांडी मिळून दोनेक किलो वजन घरीच राहू शकतं. दुपारसाठी दशम्या, गूळ-शेंगदाणे, चटणी, खजूर घ्या. सह्याद्रीत तीन दिवस त्यावर आरामात निघतात आणि गावातल्या घराला चार पैसे मिळतात.

हर की दूनला मात्र स्टोव्ह लागेल. तिथे बर्नर इथून न्या, गॅस तिकडे घ्या. देहरादूनला ट्रेकच्या सामानाची दुकानं आहेत. आधी फोन करून कॅन शिल्लक आहे का आणि आपल्या बर्नरच्या पेचाचा आहे का, हे विचारून ठेवा. पेच जुळला नाही म्हणून सत्तूवर ट्रेक केलेली मंडळी मला माहीत आहेत. दुसरं असं की कॅनवरचं मिश्रण वाचा. नुसता ब्यूटेन शून्य अंशाच्या जरा खाली गेला की वायूच होत नाही, कॅन हलवला तर आत द्रव खळखळतो आणि बर्नर मात्र फुसफुसतो. आयसोब्यूटेन उणे बारा अंशांच्या आसपासपर्यंत साथ देतो, प्रोपेन उणे चाळीसच्याही खाली. हर की दून साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे आणि मे महिन्यातही तिथली पहाट गोठवते, तेव्हा मिश्र गॅसचाच कॅन मागा.

नुसत्या बर्नरवरून मला आजवर कुणी अडवलेलं नाही. पण रेल्वेच्या मनाईच्या पाट्यांवर ‘स्टोव्ह’ हा शब्दही असतो. म्हणून बर्नर स्वच्छ पुसून, भांड्यात घालून, पटकन काढून दाखवता येईल असा ठेवा. तपासणाऱ्याने हरकत घेतली तर सोबत गॅस नाही हे शांतपणे दाखवा, वाद घालू नका.

आता वजन. याची सगळ्यांना चिंता असते आणि यात चिंता करण्यासारखं काही नाही. स्लीपरला आणि थ्री एसीला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, टू एसीला ५०, फर्स्ट एसीला ७०, सेकंड क्लासला ३५. तुमची भरलेली सॅक हिमालयासाठी सोळा किलोच्या वर जात असेल तर रेल्वेच्या आधी तुमचे गुडघेच तक्रार करतील. मोठा गट तंबू, दोर, भांडी, किराणा घेऊन निघतो तेव्हाच हा आकडा ओलांडला जातो. तेव्हा जादा सामान पार्सल ऑफिसात आधीच नोंदवावं. नोंदवलं तर दीडपट दराने भागतं, न नोंदवता पकडलं गेलं तर सहापट.

खरी अडचण आकाराची. थ्री एसीच्या डब्यासाठी नियमात ५५ बाय ४५ बाय २२.५ सेंटिमीटर असं माप आहे, इतर डब्यांत १०० बाय ६० बाय २५. साठ लिटरची सॅक ठासून भरली की तिची जाडी या दोन्हींत बसत नाही. टीसी टेप घेऊन येत नाही, पण बर्थखालची फट येते. मी नवीन मुलांना सांगतो की सॅक भरताना आधी बर्थ डोळ्यांसमोर आणा, डोंगर नंतर. रेल्वेत अडणारी सॅक बहुतेक वेळा डोंगरातही अडते. बाहेर लटकवलेला मग, बाजूला बांधलेली मॅट, वर खोचलेली काठी, हे सगळं दरवाजात जसं अडकतं तसंच कारवीच्या झाडीत आणि खडकाच्या चिमणीतही, म्हणजे अरुंद उभ्या फटीतही, अडकतं.

कॅरीमॅटपासून सुरू करू. बहुतेक जण ती सॅकच्या खाली आडवी बांधतात. मग सॅकची रुंदी साठ सेंटिमीटर होते आणि डब्याच्या बोळातून जाताना दोन्ही बाजूंच्या झोपलेल्यांचे पाय झाडत जाता. ती उभी बांधा. त्याहून बरं म्हणजे लांबच्या प्रवासात ती सोडवून बर्थवर अंथरा आणि वर झोपा. स्लीपिंग बॅगचंही तेच. स्लीपरच्या डब्यात पांघरूण मिळत नाही, आणि हिवाळ्यात उत्तरेला जाताना मध्य प्रदेश ओलांडला की खिडकीच्या फटीतून सुरी आत येते. स्लीपिंग बॅग बाहेर काढा, आत सुती चादरीचं अस्तर घाला म्हणजे ती मळत नाही. या दोन वस्तू बाहेर आल्या की सॅक अंगाने निम्मी होते आणि बर्थखाली निमूट सरकते. मे महिन्यात एवढी थंडी नसेल, पण एसी डब्यातही मी हे करतो, रेल्वेचं ब्लँकेट असलं तरी.

सरकवण्याआधी आणखी दोन कामं. कमरेचा पट्टा मागे न ठेवता उलटा करून सॅकच्या पोटावरून पुढे आणा आणि तिथे त्याचं बक्कल लावा. खांद्याचे पट्टे आवळून टाका. मग अख्खी सॅक खताच्या रिकाम्या, धुतलेल्या गोणीत घाला आणि तोंड सुतळीने बांधा. मी तीस रुपयांच्या गोणीवर वर्षानुवर्षं प्रवास केलाय. रेनकव्हर घातलं तरी चालतं, पण ते बर्थखालच्या लोखंडाला लागून फाटतं आणि पावसात लागेल तेव्हा भोक सापडतं. गोणीचा आणखी एक फायदा म्हणजे आत काय महागाचं आहे हे कुणाला दिसत नाही. बटाट्याचं पोतं कोण चोरणार? बर्थखाली सामान बांधायला कड्या असतात, तिथून सायकलची साखळी सॅकच्या वरच्या मूठीतून ओवून कुलूप घाला.

नळीने पाणी प्यायची पिशवी रिकामी न्या. भरलेली ठेवली आणि वर कुणाची ट्रंक आली की नळीच्या तोंडावर दाब पडतो आणि दीड लिटर पाणी डब्यातून वाहतं. आमच्या गटात हे एकाच ट्रेकला दोघांचं झालंय, जाताना एकाचं, येताना दुसऱ्याचं.

बर्थ निवडायला मिळाला तर तिघांत निदान एक लोअर घ्या, त्याखाली दोन सॅका मागे-पुढे जातात. पण त्या जागेवर लोअरवाल्याचाच हक्क नसतो. समोरच्या कुटुंबाच्या चार बॅगाही तिथेच यायच्या असतात. म्हणून गाडी लागल्या लागल्या चढा आणि आधी सामान लावा, चहा नंतर. उशीर झाला तर ‘मावशी, जरा ही पिशवी आडवी केली तर आपल्या दोघांचंही बसेल’ असं म्हणून स्वतः वाकून सगळ्यांचं सामान नीट लावून द्या. मग ती मावशी दोन दिवस तुमच्या सॅकवर तुमच्यापेक्षा जास्त लक्ष ठेवते. तिसरी सॅक अपर बर्थवर पायाशी. मधल्या बर्थच्या साखळीला काहीही लटकवू नका, आणि डब्याच्या बोळात सॅक उभी तर अजिबात ठेवू नका. रात्री शौचालयाला जाणारा म्हातारा माणूस त्यावर आपटला तर कुठल्या तोंडाने ट्रेकर म्हणवून घ्यायचं? दिल्लीपासून पुढे चेअर कारने गेलात तर बर्थखालची सोय नसते, सगळं डोक्यावरच्या फळीवर. तिथे सॅक आडवी, पाठीची बाजू खाली करून ठेवा, नाहीतर वळणावर घरंगळते.

बुटांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगणार. घरून निघताना ट्रेकचे बूट पायात घाला, कारण सगळ्यात जड आणि अवघड वस्तू तीच. गाडीत चप्पल घाला आणि बूट कापडी पिशवीत घालून डोक्याशी घ्या. बर्थखाली सोडू नका. माझा एक जोडीदार पहाटे उठला तेव्हा बर्थखाली फक्त मोजे होते. पायथ्याच्या बाजारात मिळाले ते नवे बूट घालून तो निघाला, पहिल्या दिवशी दोन्ही टाचा सोलवटल्या, दुसऱ्या मुक्कामावरून परत. तंबू चोरीला गेला तर देवळात झोपता येतं, स्लीपिंग बॅग गेली तर भाड्याने मिळते. पायाला रुळलेले बूट कुणी भाड्याने देत नाही.

म्हणून दोन पिशव्यांची पद्धत पाळा. मोठी सॅक एकदा लावली की उतरेपर्यंत उघडायची नाही. पंधरा-वीस लिटरची छोटी पिशवी जवळ, तिच्यात ओळखपत्र, पैसे, औषधं, हेडटॉर्च, पाणी, खाऊ, टॉवेल, पातळ जॅकेट आणि बूट. हीच पिशवी शिखराच्या दिवशी कामी येते. पॉवरबँक घरूनच भरून घ्या. रात्री अकरा ते पहाटे पाच डब्यातले चार्जिंगचे प्लग बंद ठेवायचा नियम आहे, आणि जे चालू असतात त्यांच्यापुढे रांग असते.

काठ्या पूर्ण मिटवा, टोकांना रबरी टोप्या लावा आणि सॅकच्या आत घाला. बाहेर खोचलेल्या काठीचं टोक बरोबर मागे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर येतं. पुढेमागे बर्फातली कुऱ्हाड नेलीत तर तीही टोकांना जाड कापड गुंडाळून आत. चाकू-सुरी आत, कॅराबिनर-हार्नेस (दोराला अडकवायच्या कड्या आणि कमरेचे पट्टे) आत. मोठ्या स्टेशनांवर सामान यंत्रातून घालतात आणि दोराच्या वेटोळ्यात लोखंडी कड्या दिसल्या की उघडायला सांगतात. ‘गिर्यारोहणाचं सामान आहे’ एवढं सांगून उघडून दाखवलं की पुरतं. चिडून ‘दहशतवादी वाटलो का?’ असं विचारणाऱ्या एका मित्रामुळे आमची गाडी जेमतेम मिळाली होती.

आता कसारा लोकल. हा वेगळाच खेळ आहे, इथे बर्थ नाही, आरक्षण नाही आणि थांबा वीस-तीस सेकंदांचा. मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांच्या ट्रेकर मंडळींनी मध्यरात्रीच्या सुमाराची शेवटची कसारा लोकल पकडून आपले ट्रेक सुरू केलेत. नेमकी वेळ वेळापत्रकागणिक मागेपुढे होते, तेव्हा निघण्याच्या दिवशी बघून घ्या. रविवारी मेगाब्लॉक असतो, पण शुक्रवार-शनिवारच्या रात्रीही कामं निघतात, तेही पाहा.

तुम्ही ठाण्याचे, म्हणून ठाण्यालाच चढायचं ठरवलं असेल. मी तसं करणार नाही. शुक्रवारी रात्री ती गाडी ठाण्याला येते तोवर दारात माणसं लोंबकळत नसली तरी आत सॅक उतरवून ठेवायला जागा नसते. तासभर आधी निघा, उलटं सीएसएमटीला जा आणि तिथून बसून या. तिकीट अर्थातच सीएसएमटी-कसारा काढा. एकशेवीस किलोमीटरचा, अडीच तासांच्या वरचा प्रवास आहे. त्यातला तासभर तरी डोळा लागला तर दुसऱ्या दिवशी रतनगडाच्या शिड्यांवर त्याचा उपयोग होतो.

लगेजच्या डब्यात शिरायचा मोह होईल. तो डबा भाजीवाल्यांचा, मासेवाल्यांचा, जड माल वाहणाऱ्यांचा. त्यांचं पोट त्यावर आहे, आणि त्या डब्यात साध्या तिकिटावर सापडलात तर टीसी दंड करू शकतो. तीन सॅका म्हणजे काही माल नव्हे. साध्या डब्यात, शेवटच्या बाजूला, जिथे गर्दी तुलनेने कमी असते तिथे चढा.

चढण्याआधी फलाटावरच सॅक पाठीवरून उतरवा आणि पुढे, छातीशी धरा. पाठीवर सॅक असलेला माणूस वळला की मागच्या तिघांना धक्का बसतो आणि त्याला पत्ताही नसतो. डोक्यावरच्या रॅकवर चाळीस लिटरची सॅक बसते, साठची लोंबते. मोठी सॅक खिडकीशी, गुडघ्यांच्या मध्ये उभी ठेवा. तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर ठेवू नका, डोंबिवली-कल्याणपर्यंत ती माणसाची जागा आहे, आणि दिवसभर काम करून परतणाऱ्या माणसाशी तुमच्या तंबूवरून भांडण नको. टिटवाळा गेलं की डबा सैलावतो. आसनगाव-आटगावनंतर तर उरतात ते तुमच्यासारखेच सॅकवाले. तेव्हा खुशाल पाय पसरा.

उतरताना कसाऱ्याला घाई नाही, गाडी तिथेच संपते. पण माहुली किल्ल्यासाठी आसनगावला, चंदेरी किल्ल्यासाठी वांगणीला, पेब किल्ल्यासाठी नेरळला उतरणार असाल तर आधीच्या स्टेशनलाच दाराशी या. एक जण रिकामा खाली उतरतो, दुसरा दारातून सॅका खाली देतो, तिसरा जागेवर काही राहिलं का बघून शेवटी उतरतो. सगळे एकदम उतरायला गेले की एक सॅक पुढच्या स्टेशनला जातेच. पुण्याच्या मंडळींनी मळवली-लोणावळ्याच्या लोकललाही हेच करावं.

कसाऱ्याच्या स्टेशनबाहेर अपरात्रीही जीपवाले उभे असतात. त्यातले बरेच नाशिकच्या दिशेचे. रतनवाडीसाठी घोटी, शेंडीमार्गे जीप ठरवून घ्यावी लागते, दोन-अडीच तास लागतात. तिघांसाठी ती महाग पडते, म्हणून लोकलमध्ये आसनगावनंतर उरलेल्या सॅकवाल्यांना ‘कुठे?’ असं विचारायची जुनी रीत आहे, ती पाळा. कळसूबाईला जाणारे वाटेत बारीला उतरतात. भाडं ठरवताना ‘सामानासकट’ हा शब्द वापरा, नाहीतर टपावर सॅका चढल्या की आकडा बदलतो. टपावर बांधताना आधी गोणी घाला, पट्टे वर मोकळे राहू देऊ नका, आणि दोर स्वतः ओढून बघा. कसारा घाटात हेलकावे खाल्ल्यावर ‘बांधलंय साहेब’ पुरत नाही. डिसेंबरात टपावरच्या सॅकेवर दव पडतं, म्हणून स्लीपिंग बॅग आत प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या.

हर की दूनच्या वेळी एक गाठ आधीच सोडवून ठेवा. मुंबईहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत, त्यांचं तिकीट मिळत असेल तर तेच घ्या. दिल्लीत गाडी बदलायची वेळ आली तर निजामुद्दीनला उतरून नवी दिल्लीहून पुढची गाडी असा घोळ बहुतेकदा होतो. कागदावर दोन तासांचं अंतर पुष्कळ वाटतं, पण गाडी तासभर उशिरा आली की तीन सॅका घेऊन रिक्षासाठी धावावं लागतं. निदान चार-पाच तास मोकळे ठेवा.

मधल्या वेळात सॅका क्लोकरूममध्ये ठेवू असा विचार असेल तर ऐका: रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूपबंद सामानच घेतात. सॅकला कुलूप लागत नाही, तिचं तोंड नाडीचं असतं. खिडकीवरून परत पाठवलेले ट्रेकर मी अनेक पाहिलेत. उपाय सोपा आहे. सॅक मावेल एवढी चेन असलेली स्वस्त कापडी बॅग घ्या आणि चेनला छोटं कुलूप लावा. तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं, ते छोट्या पिशवीत आहेच. हीच बॅग, परतीचे स्वच्छ कपडे घालून, देहरादूनला मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून जाता येते. हरिद्वारहून देहरादून पन्नासेक किलोमीटर, बसने जा आणि रात्र तिथेच काढा. ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांकरीकडे जाणारी बस पहाटे लवकर निघते, रेल्वे स्टेशनजवळच्या मसुरी बसस्टँडवरून. म्हणून खोलीही स्टेशनच्याच बाजूला घ्या. गॅसची खरेदी संध्याकाळीच उरकावी लागेल, बस निघते तेव्हा दुकानांची शटर खाली असतात. बसवाल्यालाही कॅनबद्दल सांगा. टपावर उन्हात तापत ठेवू नका.

परतीची गोष्ट सगळे विसरतात. ट्रेक संपतो तेव्हा कॅनमध्ये पाव-अर्धा गॅस उरलेला असतो आणि तो पैसे देऊन घेतलेला असतो. तोही गाडीत चालत नाही. संपलेला वाटणारा कॅनही पूर्ण रिकामा नसतो. सांकरीत वाटाड्याला किंवा ढाबेवाल्याला द्या, त्यांच्याकडे तो संपतो. रिकामे कॅन देहरादूनचं ते दुकान परत घेणार का, ते खरेदीच्या वेळीच विचारा. जंगलात किंवा फलाटाच्या कचराकुंडीत टाकू नका.

आणि हरिश्चंद्रगडावरून तुम्ही बहुधा खिरेश्वरकडे उतराल, खुबी फाट्यावर माळशेज घाटातून कल्याणकडे जाणारी एसटी पकडाल आणि रविवारी संध्याकाळी कल्याणला पोचाल. तीन दिवसांचा घाम, झापांतला धूर आणि माती अंगावर घेऊन भरलेल्या लोकलमध्ये शिरायचं असतं. खुबी फाट्याच्या चहाच्या टपरीवर बूट झटका, तळाचं शेण-माती काडीने खरवडा, हात-तोंड धुवा. छोट्या पिशवीच्या तळाशी एक धुतलेला शर्ट घरूनच ठेवून द्या, आणि तीन दिवस कितीही थंडी वाजली तरी त्याला हात लावू नका.